घरची माणसं धरायची नाहीत

३ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी राजलक्ष्मीला ती शिकवते त्या शाळेतून मिळाली, तिने मला दिली. म्हणाली, "आबा, तुमचं डोकं लई चालतं. कुठंतरी सांडाया पायजे." सुनेने सासऱ्याला असं बोलावं का, हा प्रश्न आमच्या घरात पडत नाही. ती सून नाहीच, लेक आहे. संदेश मोटारसायकलवरून येताना उभ्या ट्रॉलीला धडकून गेला, त्याला तीन वर्षं झाली. ती आधी जशी होती तशीच आजही या घरात आहे. नात प्राची सहा वर्षांची आहे आणि घर तिच्याच हुकमावर चालतं.

तर आजपासून मोजणी सुरू केली. आमच्या पुनर्विवाह मंडळाची वेबसाइट दिवाळीत झाली. मंडळ म्हणजे आम्ही पाच निवृत्त माणसं. विधवा आणि सोडचिठ्ठी झालेल्या बायकांची लग्नं जुळवतो. बाकीच्या चौघांचं म्हणणं, साइट बंद करा आणि पूर्वीसारखा मेळावा घ्या. अहो, मेळाव्याला विधवा येते कुठे? येतात तिचे भाऊ आणि चुलते. मांडवात चार ओळखीचे भेटतील म्हणून ती बिचारी घरी भांडी घासत बसते. मोबाईलवर मात्र ती एकटी, कुणाला न कळता बघू शकते. बघत असणारच. पण हे चौघांना पटवायचं कसं? त्यांनी गुढीपाडव्यापर्यंत मुदत दिली आहे. बारामती-इंदापूरच्या बायका साइट बघतात हे आकड्याने दाखवलं तर साइट राहील, नाहीतर पाडव्याला तिच्यावर पडदा.

म्हणून बारामतीला दीपककडे गेलो. एसटी स्टँडच्या मागे त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. साइट त्यानेच बनवली. त्याने अ‍ॅनालिटिक्सचा कोड साइटमध्ये बसवला. आता कोणत्या गावातून, कोणतं पान, किती वेळ वाचलं, सगळं दिसणार. मी विचारलं, "कोण बघतंय ते दिसेल का?"

"त्ये दिसत न्हाय, तात्या. आन दिसूबी नये," दीपक म्हणाला.

मला पटलं नाही. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात उभा जन्म ऊस नोंदीत गेला. बांधावर जाऊन, शेतकऱ्याचं तोंड बघितल्याशिवाय मी कधी नोंद लावली नाही. पण जमाना त्याचा आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आकडे बघून छाती फुगली. माझ्या अंदाजाच्या दुप्पट माणसं. द्वारकाबाईला हाक मारून स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, "रेघ वर चाललीय, म्हंजी बरं हाय न्हवं?" आणि चुलीवरच्या दुधाकडे पळाली. बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही यशाला हिने याच्यापेक्षा जास्त वेळ दिला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

छाती उतरली. दीपकचा फोन आला. "तात्या, कोड दोनदा कुणी टाकला?"

मीच टाकला. यूट्यूबवर एक पोरगा सांगत होता की साइटच्या डोक्यावर कोड टाका. दीपकने आधी टाकलाय हे माहीत होतं, पण म्हटलं, दोन ठिकाणी असलेला बरा, एक गेला तर दुसरा आहे. बी पेरताना आपण एका भोकात दोन दाणे टाकतोच की. त्यामुळे एकेक माणूस दोनदा मोजला जात होता.

"बियाणं न्हाय त्ये, तात्या, वजनकाटा हाय. दोन काट्यांवर येकच गाडी घातली तुमी," दीपक म्हणाला. दुसरा कोड काढला. आता आकडे निम्मे झाले. खरे तरी आहेत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस चांगला. साइटवर सगळ्यात जास्त वेळ कोणतं पान वाचलं जातं ते बघितलं. स्थळांचं नाही, फोटोंचं नाही. मी लिहिलेलं पान! "घरच्यांना कसं सांगावं?"

ते लिहायला मला महिना लागला होता. दुसरं लग्न करायचं मनात आलं तर बाईने सासरी विषय कसा काढावा, हे त्यात सांगितलं आहे. सणासुदीला आणि पाहुण्यांसमोर बोलू नका. माहेरचं एखादं समजूतदार माणूस सोबत घ्या. सासरा पहिल्या दिवशी चिडला तर तो राग खरा धरू नका, तो भीतीचा असतो. तो पहिला प्रश्न लेकरांचा काढील; त्याचं उत्तर त्याच दिवशी देऊ नका. आणि शेवटी लिहिलं आहे, "तुम्ही कुणाचा विश्वासघात करत नाही. गेलेल्या माणसावरचं प्रेम आणि उरलेलं आयुष्य, दोन्ही तुमचंच आहे."

जेवताना हे सगळं घरच्यांना सांगितलं. राजलक्ष्मी भाकरी वाढत होती. ती म्हणाली, "आबा, तुमी लिवलंय त्ये तुमाला खरंच वाटतं?"

"म्हणजे काय! वाटतं म्हणून तर लिहिलं," मी म्हणालो आणि विधवेच्या प्रश्नावर जरा सविस्तर बोललो. बोलता बोलता ताट वाळलं. प्राची ताटावरच पेंगली. द्वारकाबाई ताक आणायला म्हणून उठली ती परत आलीच नाही. राजलक्ष्मीने मात्र शेवटपर्यंत ऐकलं. असा श्रोता मिळायला भाग्य लागतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

राजलक्ष्मीचा भाऊ संभाजी कऱ्हाटीहून आला होता. डाळिंबांची पिशवी घेऊन. काही काम काढल्याशिवाय हा कधी येत नाही, शेतातून त्याचा पाय निघत नाही. ओट्यावर बसला, चहाचा कप हातात फिरवत राहिला. राजलक्ष्मी दारात उभी होती. दोनदा त्याने घसा खाकरला.

"आबा, येक बोलायचं हुतं तुमच्याशी."

"बोल की."

"न्हाय, म्हंजी... तुमी त्या मंडळाचं काम करताय, लई चांगलं करताय."

विषय निघालाच म्हणून त्याला साइट दाखवली. मोजणी कशी चालते, कोड कुठे बसतो, दोनदा बसवला तर काय घोटाळा होतो, सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं बिचाऱ्याने. मग उठला. जाताना बहिणीकडे बघून मान खाली घातली. भिडस्त माणूस. कारखान्यात कुणाला तरी कामाला लावायचं असेल, माझा शब्द हवा असेल. सरळ बोलायला काय हरकत होती?

२० फेब्रुवारी, गुरुवार

नवं खूळ निघालं. दीपक म्हणाला, "तात्या, त्या तुमच्या पानाचं येक इचित्र हाय. वाचणारी मानसं लई न्हाईत. येकच हाय. पुन्हा पुन्हा येतंय."

त्याने सर्व्हरवरची नोंद तपासली होती. तिथे कोणत्या इंटरनेट जोडणीवरून साइट उघडली ते दिसतं. ती जोडणी आमच्याच घरची निघाली.

"मग मीच असणार," मी म्हणालो. "दिवसातून दहादा बघतो मी."

"तुमी दुपारी बघता का?"

दुपारी मी झोपतो. जेवल्यावर पडलो की चार वाजल्याशिवाय डोळा उघडत नाही, हे अख्ख्या इंदापूरला माहीत आहे. मग दुपारी आमच्या वायफायवर कोण? शाळा सकाळची, त्यामुळे राजलक्ष्मी घरी असते, पण तिला वह्या तपासायच्या असतात. विचार करता करता शेजारच्या गोकुळवर संशय गेला. त्याची भिंत आमच्या भिंतीला लागून. बायको माहेरी गेल्यापासून एकटाच आहे. फुकटच्या वायफायवर हा साइट बघत असणार! मला जरा वाईटही वाटलं. गरज असेल तर उघडपणे यावं ना माणसाने. संध्याकाळी पासवर्ड बदलला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

निदान अचूक निघालं. सकाळी गोकुळ फाटकाशी उभा. "आबा, कालपासनं आमचं यूट्यूब बंद पडलंय. तुमचं चालू हाय का?" चोरी पकडली गेली हेही त्याला कळलं नाही. मी हसून आत आलो.

संध्याकाळी राजलक्ष्मीने नवा पासवर्ड मागितला. शाळेचं काम अडलं म्हणाली. दिला.

२ मार्च, रविवार

गोकुळ नव्हता तो. त्याचं यूट्यूब बंद पडून आठवडा होऊन गेला, तरी ते पान आमच्या घरातून वाचलं जातंच आहे.

यंत्रात काहीतरी बिघाड आहे. पण बिघाड शोधण्यापेक्षा तो गाळून टाकणं सोपं. दीपकने सांगितलं की घरची जोडणी मोजणीतून वगळता येते. मी ताबडतोब हो म्हणालो. लग्नाच्या जेवणावळीत पानं मोजताना घरची माणसं धरत नाहीत. मोजायचे ते पाहुणे. घरचं माणूस कधीही जेवतं, मागे राहिलेलं खातं, त्याची गणती कशाला? शिवाय मंडळापुढे घरचे आकडे मिसळून नेणं म्हणजे उसाला पाणी मारून काट्यावर आणणं. ते माझ्याने होणार नाही.

दीपकने बटनावर बोट ठेवून विचारलं, "तात्या, येकदा गाळलं की त्ये परत मिळत न्हाय. घरात कोन बघतंय, इचारलं का?"

"घरात कोण बघणार? बायकोला फोन उचलता येतो, बाकी नाही. नात सहा वर्षांची."

"आन वैनी?"

"तिला काय करायचंय त्याच्याशी?"

दीपक माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने बटन दाबलं. त्यानंतर माझ्याशी फारसं बोलला नाही, चहाही मागवला नाही. धंद्याच्या काळज्या असतील.

परतीची एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत आली. ट्रॉलीवरची गाणी कानठळ्या बसवत होती आणि सगळ्या रस्त्याला मळीचा वास. मला तो वास आवडतो. पगाराचा वास होता तो.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. बारामतीला एका कॉलेजात माझं भाषण झालं. "विधवेला दया नको, वाट हवी" या वाक्याला टाळ्या पडल्या. मुली रडल्या. मलाही भरून आलं.

बाहेर आल्यावर सारजाबाई भेटल्या. आमच्या मंडळातल्या त्या एकमेव बाई, निवृत्त नर्स. तोंडाने फटकळ. म्हणाल्या, "कुंडलिकराव, भाषण झ्याक झालं. तुमच्या सुनंचं नाव कवा घ्यायचं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणालो, "आमच्या घरात तसं काही नाही. तिला आम्ही लेकीसारखं ठेवलंय."

"लेकीचं लगीन न्हाय का करत लोक?" एवढं बोलून त्या रिक्षात बसल्या.

घरी येऊन द्वारकाबाईला सांगितलं. वाटलं, तीही चिडेल. ती कुरडया वाळत घालत होती. एक कुरडई हातातून निसटली, मातीत पडली. तिने ती उचलली, पुसली, पुन्हा फडक्यावर ठेवली. 

राजलक्ष्मीला विचारायची गरजच नाही. तिला कशाची कमी आहे? नोकरी आहे, पोरगी आहे, डोक्यावर छप्पर आहे, आम्ही दोघं आहोत. संदेशचा फोटो ती रोज पुसते. सुखात आहे ती.

वरची ओळ लिहून पुन्हा वाचली. खोडावीशी वाटली. का ते कळलं नाही. ठेवली आहे तशीच.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. प्राचीने मला रंगवून ठेवलं आहे. हे लिहिताना पानावर गुलाबी डाग पडले.

घरची जोडणी वगळल्यापासूनचे आकडे आज नीट बघितले. साइट तरली! बारामतीतून, माळेगावातून, इंदापूरच्या आसपासच्या गावांतून लोक स्थळांची पानं उघडतात. दुपारच्या वेळी जास्त. दुपारी मोकळ्या कोण असतात? बायकाच. मंडळाला तोंड उघडता येणार नाही.

पण माझं पान मेलं. "घरच्यांना कसं सांगावं?" हे पान आता कुणीच वाचत नाही. कुणी नाही म्हणजे अक्षरशः कुणी नाही. म्हणजे इतके दिवस जे वाचन दिसत होतं ते सगळं आमच्या घरातलं, बिघाडाचं. मी मात्र छाती फुगवून फिरत होतो.

मनाला लागलं. लपवत नाही. महिनाभर शब्द न् शब्द तोलून लिहिलं होतं. पण बायकांना उपदेश नको असेल, स्थळं हवी असतील. जे कुणाला नको ते राखून काय उपयोग? पीक नसलेल्या वाफ्याला पाणी देत नाहीत. दुपारी लॅपटॉप उघडला आणि पान काढून टाकलं.

२१ मार्च, शुक्रवार

आजचं आजच लिहितो. लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःला दुसरंच काहीतरी सांगेन.

आज जेवल्यावर झोप लागली नाही. ओट्यावर येऊन बसलो. राजलक्ष्मी वह्यांचा गठ्ठा घेऊन आली, पण वही उघडली नाही. म्हणाली, "आबा, येक इचारू? त्ये पान काढलं का तुमी?"

"कुठलं पान?"

"घरच्यांना कसं सांगावं."

"हो, काढलं. कुणी वाचत नव्हतं."

"वाचत हुतं," ती म्हणाली.

मी तिला मोजणीचं सांगायला लागलो. घरची जोडणी कशी घोटाळा करत होती, ती वगळल्यावर खरा आकडा कसा शून्य आला. बोलता बोलता तिच्या तोंडाकडे बघितलं. बोलणं तिथेच थांबलं. माझ्यासारख्या मूर्खालाही कधीतरी समोरचं दिसतं.

ती म्हणाली, "शेवटच्या चार वळी पाठ न्हाईत. तेवढ्यासाठी परत टाका."

 रस्त्याने पेरूच्या क्रेटांचा टेम्पो गेला. मग मी विचारलं. मला काय विचारायला हवं होतं? तू कशी आहेस, कधीपासून मनात आहे, एकटीने कसं काढलंस. यातलं काहीही चाललं असतं. मी विचारलं, "प्राचीचं काय?"

तिने पदर नीट केला. "त्येचं उत्तर आज देणार न्हाय, आबा. तुमीच लिवलंय, पहिल्या दिवशी देऊ नये."

माझा राग गेला कुठे होता? तो आलाच. आवाज चढला. "मला का नाही सांगितलंस? मी काय वाघ आहे? गावच्या बायकांना मी सांगतो, आणि माझ्या घरातली..."

"सांगत हुते की. दादाला आणलं हुतं सांगायला. तुमी त्याला कोड कुठं बसतो त्ये शिकवलं. जेवताना विषय काढला, तुमी भाषण केलं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "पानातले आबा लई चांगलं बोलत्यात. मी त्येंचं ऐकाया जायची रोज. वाटायचं, हे आबा घरात कवा येतील."

मी उठून आत गेलो. चपला न घालताच परत बाहेर आलो आणि चालत सुटलो. पार बसस्टँडपर्यंत. लोक नमस्कार करत होते. कुणीतरी म्हणालं, "आबा, महिला दिनाचं भाषण लई भारी." मी त्याच्याकडे बघून हसलो. त्या हसण्याची मला आत्ताही शिसारी येते आहे.

२२ मार्च, शनिवार

द्वारकाबाईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती तांदूळ निवडत होती. "व्हय."

"कधीपासून?"

"संक्रांतीला तिला वाण मिळालं न्हाय. बायका बसल्या हुत्या, त्येंनी दिलंच न्हाय तिला. आत यिऊन मोबाईलवर तुमचंच पान वाचत बसली. तवाच कळलं मला."

"मग मला का नाही बोललीस?"

तिने सूप खाली ठेवलं. "प्राची जाईल म्हणून. तुमाला कळलं असतं तर तुमी लोकांना दाखवाया तरी व्हय म्हणला असता. म्हणून गप बसले मी. पोरगी रोज वाचायची आन मी रोज गप बसायची. मलाबी लाज वाटती."

ती रडली. संदेश गेला त्यानंतर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तिचा हात धरून बसलो. दोघांपैकी जास्त वाईट कोण, हे ठरवायची हिंमत झाली नाही. ती निदान बघत होती. मी बघूनही गाळून टाकलं.

२३ मार्च, रविवार

सकाळी राजलक्ष्मीला बोलावलं. द्वारकाबाईला शेजारी बसवलं. लॅपटॉप बंद करून फडताळात ठेवला होता. म्हणालो, "मी आज काही बोलणार नाही. तू बोल."

ती बोलली. मध्ये मध्ये थांबली, पुन्हा बोलली. संदेशबद्दल बोलली, ते मला माहीत नव्हतं. या घराबद्दल बोलली, तेही माहीत नव्हतं. ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. ते तिचं आहे. आजवर दिसेल ते सगळं नोंदवून ठेवायची मला सवय. हे नाही नोंदवणार.

एवढंच लिहितो. सोमेश्वरनगरचा एक माणूस आहे, कारखान्यात फिटर. त्याची बायको काविळीने गेली, त्याला एक मुलगा आहे. साइटवरच त्याचं स्थळ आहे, आणि मीच त्याचा फोटो सरळ करून लावला होता. राजलक्ष्मी त्याच्याशी अजून एक शब्दही बोललेली नाही. "आधी तुमाला इचारायचं, मग बोलायचं, आसं ठरवलं हुतं," ती म्हणाली.

प्राचीचं मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "प्राची माझ्यासंगं यील. सुट्टीला हितं यील. तुमी दोघंबी तिकडं यायचं, पाव्हण्यासारखं न्हाय, हक्कानं." द्वारकाबाईने मान हलवली. 

खरं सांगायचं तर मला ती जायला नको आहे. हे मी कुठल्याही भाषणात सांगणार नाही. सकाळी तिच्या बांगड्यांचा आवाज आला की घर जागं झालं असं वाटतं. प्राची पाठीवर बसून पेपर वाचू देत नाही, तेच माझं वाचन. दोघी गेल्या की या घरात दोन म्हातारी माणसं आणि एक फोटो उरेल.  मी चांगला माणूस असतो तर आनंद झाला असता. झाला नाही. भीती वाटली, आणि त्या भीतीतही तिच्याकडे बघत बसलो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट.

संभाजीला फोन केला. म्हणालो, "गुरुवारी सोमेश्वरला जाऊ, घर बघून येऊ. पुढे बोलायला मी बसेन."  तो म्हणाला, "आबा, तुमी?" मी म्हणालो, मी.

संदेश न विचारता गेला. ही विचारते आहे. मी हो म्हणालो.